रेघेबाहेरची ओढणी

११ ऑगस्ट २०१९, रविवार. त्या दिवशी गोपाळ पौळ सरांनी परभणीच्या एका बंद पडलेल्या क्रीडा मंडळाला सतरा हजार चारशे रुपये रोख दिले आणि बास्केटबॉलचे दोन गंजलेले खांब, फळ्या आणि कड्यांसकट, टेम्पोत घालून तांबूळदऱ्याला आणले. पैसे पगाराच्या थकलेल्या फरकाचे होते. त्यातून घराच्या मागच्या भिंतीला गिलावा करायचा असे ठरले होते. सरांच्या पत्नी कावेरीबाई खांब पाहायला म्हणून शाळेच्या मैदानावर आल्या, एकदा वर पाहिले आणि म्हणाल्या, "बरी हाय ही भिंत. पाऊस आला की घरात येतोय, आन् चेंडू टाकला की कड्यातून खाली पडतोय."

तांबूळदरा पालमपासून आठ किलोमीटर. गावात दहावीपर्यंतची एक खासगी शाळा, तीत सर खेळाचे शिक्षक. मूळचे ते सोनपेठचे. शिकायला परभणीला राहिले आणि तिथे कॉलेजच्या मैदानावर बास्केटबॉलच्या नादी लागले. उंची बेताची, त्यामुळे कड्याखाली उभे राहण्याचे काम त्यांचे नव्हते. चेंडू खेळवत पुढे आणायचा आणि ज्याच्या हातात जायला पाहिजे त्याच्या हातात द्यायचा, हे त्यांचे काम. ते त्यांनी इतके चोख केले की दोन वर्षे ते विद्यापीठाच्या संघात होते. राज्याच्या संघाची निवड चाचणी चालू असताना गुडघ्यातले काहीतरी तुटले. डॉक्टरांनी पट्टी बांधली, सरांनी खेळाच्या शिक्षकाची पदवी घेतली. मग विनाअनुदानित शाळेत आठ वर्षे बिनपगारी गेली. या सगळ्याबद्दल ते कधी बोलत नसत. जिना उतरताना मात्र उजवा पाय आधी टाकत.

गावात खेळ म्हणजे कबड्डी आणि खो-खो. बास्केटबॉल हे शहरातले प्रकरण. पण त्या वर्षी फेब्रुवारीत सर मोटारसायकलवरून शाळेत येत होते, तेव्हा रस्त्याकडेच्या शेतात ज्वारीच्या कडब्याची गंजी रचण्याचे काम चालले होते. गंजीवर एक माणूस उभा होता आणि खालून एक पोरगी त्याला पेंढ्या फेकत होती. सर गाडी थांबवून पाहत राहिले. गंजी वर चढत होती, तरी प्रत्येक पेंढी त्या माणसाच्या छातीशी जात होती. त्याला एकदाही वाकावे लागले नाही की हात लांबवावा लागला नाही. ती पोरगी म्हणजे सहावीच्या वर्गातली रोहिणी. कमलबाईची मुलगी. बाप वारलेला, मायलेकी मजुरी करून राहत. जी गोष्ट शिकवायला सरांना दोन वर्षे लागली असती ती ह्या पोरीला येतच होती.

खांब उभे राहिल्यावर खरा प्रश्न कपड्याचा निघाला. मुली टी-शर्ट आणि पॅन्ट घालून उड्या मारणार, आणि मैदान तर बसथांब्याला लागून. मारुतीच्या पारावर बैठक झाली. माजी सरपंच व्यंकटराव बोलायला होते. माणूस वाईट नव्हता. त्यांची नात अर्पिता खेळायला जाणार होती.

"सर, खेळाला आमची ना न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "पण उद्या पोरगी तशीच गावातून फिरायलीय, बसमधी बसायलीय, शेतात जायलीय, असं नको व्हायला. एकदा सवय मोडली की मोडली."

सरांनी तिथल्या तिथे शब्द दिला. मैदानाला पांढरी रेघ मारायची. रेघेच्या आत टी-शर्ट. रेघ ओलांडली की ओढणी. घरात, शेतात, बसमध्ये, कुठेही. "याला मी जबाबदार," असे ते म्हणाले, आणि पारावरची माणसे समाधानाने उठली.

सरांनी तो शब्द पाळला, आणि पोरींकडून पाळून घेतला. रेघेलगत लाकडी फळी ठोकून तिला खिळे मारले. आत येताना ओढणी खिळ्यावर, बाहेर जाताना अंगावर. एकदा पालमच्या सामन्यात चेंडू रस्त्यावर गेला आणि अपेक्षा नावाची मुलगी तशीच पळत आणायला गेली. सरांनी तिला पुढचा सामना बाहेर बसवले. ती रडली. "सर, चेंडू नाल्यात चालला होता," म्हणाली. सर म्हणाले, "जाऊ द्यायचा." संघ हरला. पण ही बातमी गावात पोचली, आणि पुढच्या आठवड्यात आणखी तीन घरांनी मुली पाठवल्या. सरांना वाटले, जमले.

मधली करोनाची दोन वर्षे फुकट गेली. त्यानंतर मात्र संघाने जोर धरला. २०२२च्या सप्टेंबरात परभणीला जिल्हास्पर्धेत तांबूळदऱ्याच्या मुलींनी शहरातल्या इंग्रजी शाळेला हरवले. विभागीय सामने नोव्हेंबरात होते. रोहिणी आता दहावीला होती. सरांनी करोनाआधी आणि नंतर खपून तिचा डावा हात तयार केला होता. उजवीकडून अडवले तर डावीकडून जाऊन चेंडू टाकायची. समोरच्या पोरींना कळायचेच नाही.

दिवाळीची सुटी लागली आणि सोयाबीनची मळणी सुरू झाली. आपल्याकडे मळणी यंत्राला हडंबा म्हणतात. ट्रॅक्टरमागे तो उभा करतात आणि ट्रॅक्टरचे फिरते लोखंडी दांडके त्याला जोडतात. त्याला सगळे शाफ्ट म्हणतात. त्या शाफ्टावर पत्र्याचे झाकण येते, पण ग्रीस मारायला ते आडवे येते, म्हणून बहुतेकांनी काढून ठेवलेले. गावात हडंबा आश्रुबाचा. त्याच्यावर बायकांची टोळी, टोळीची म्होरकी केशरबाई. कमलबाई टोळीत होतीच. सुटीत रोहिणीही जाऊ लागली.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी तिची ओढणी शाफ्टात गेली. ओढणीमागे हात गेला. आश्रुबाने ट्रॅक्टर बंद केला तोवर जे व्हायचे ते झाले होते. जीपमध्ये घालून परभणीला, तिथून नांदेडला. उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला.

सर नांदेडला दोन दिवस राहिले. सुटी संपून शाळा भरली तेव्हा जो तो म्हणू लागला, "बरं झालं, डावा हात तयार केला होता तुमी." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकले की शेवटी शिक्षकांच्या खोलीत बसणेच सोडले.

केशरबाई त्यांना भेटायला आठ दिवसांनी आली. मैदानाच्या कडेला, उन्हातच बसली. सरांनी पाणी दिले ते तिने खाली ठेवले.

"सर, एक सांगायचंय. कमलीला मी सांगितलं न्हाई अजून."

"सांगा की."

"पोरीनं ओढणी काढून ठिवली होती. पोत्यावर. लय भुसकाट उडायलं, हात मोकळा पायजे म्हणली. मीच हसले तिला. म्हणलं, काय ग, रेघेच्या भाईर हायस तू, सरांनी पाहिलं तर मॅचमधून काढून टाकतील. सगळ्या बाया हसल्या. तीबी हसली. आन् घेतली अंगावर."

सरांनी खाली ठेवलेले पाणी तिच्याकडे सरकवले.

"गंमत केली हो मी," केशरबाई म्हणाली. "तुमचा धाक हाय ना पोरींला. मनून केली."

ती निघून गेली. फळीवरच्या खिळ्यांना ओढण्या होत्या, आत पोरी खेळत होत्या. विभागीय सामन्याला संघ गेला आणि पहिल्याच दिवशी हरून आला.

रोहिणी घरी आल्यावर सर भेटायला गेले. ती बाजेवर बसली होती. कमलबाईने तिच्या उजव्या खांद्यावरून ओढणी घेऊन खाली पिनेने पक्की केली होती, म्हणजे नसलेला हात दिसू नये.

"आता हिला ओढणी जन्माची लागली बगा," कमलबाई म्हणाली. तिला केशरबाईची गोष्ट अजून ठाऊक नव्हती.

रोहिणीने सरांकडे पाहिले. "सर, आता मी रेघेच्या आत हाय का भाईर?"

तिला हसवायचे होते की बोचायचे होते ते सरांना कळले नाही. त्यांनी आणलेली सफरचंदे उगाच पिशवीतून काढून पुन्हा पिशवीत ठेवली.

तक्रार कोणी केली नाही. आश्रुबाने दवाखान्याचा काही खर्च उचलला आणि पारावर तडजोड झाली. शेतकऱ्यांसाठी अपघाताची योजना होती, पण कमलबाईच्या नावावर शेत नव्हते. सर तिच्यासाठी पालमच्या आणि परभणीच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालत राहिले. तिथे बाकावर त्यांना दुसरी माणसे भेटू लागली. कुणाची बोटे गेलेली, कुणाच्या सुनेची केसांसकट डोक्याची कातडी गेलेली. प्रत्येकाला वाटत होते, हे आपल्याच घरात घडले. सरांनी ठरवले, पुढच्या सुगीच्या आत तालुक्यातल्या जेवढ्या हडंब्यांना जमेल तेवढ्यांना झाकण बसवायचे.

पहिला हडंबा अर्थात आश्रुबाचा.

"कव्हर कंपनीनं दिलंय की," आश्रुबा म्हणाला. "पडलंय गोठ्यामागं. दिवसातून चारदा ग्रीस मारावं लागतंय. चारदा बोल्ट काढू का?"

"बिजागरी लावू. उचललं की वर, सोडलं की खाली."

"मशीनला दरवाजा बसवायलाव का सर? कडी-कोयंडाबी लावा मग."

"लावू."

आश्रुबाने हातातले फडके खाली टाकले. मग म्हणाला, "तिचा हात मी काढलाय त्यातून. माझ्या हातानं. तवापासून ट्रॅक्टरवर मी बसत न्हाई, पोरगा बसतोय. मला शिकवू नका. लावा काय लावायचं ते."

पालमच्या एका वेल्डिंगवाल्याने सरांच्या सांगण्याप्रमाणे अर्ध्या नळीसारखे पत्र्याचे झाकण आणि त्याला बिजागरी असे करून दिले. सर शाळा सुटल्यावर गावोगाव जाऊ लागले. सोनपेठच्या आठवडी बाजारात उभे राहून बोलत. लोक ऐकत, मान डोलवत. हडंबेवाल्यांपैकी काहींनी झाकण घेतले, काही हो म्हणून घेईनात. एकाने तोंडावर सांगितले, "आदी बायांला नीट कापडं घालायला सांगा. झाकण मशीनला कशाला?"

ह्याचे उत्तर सरांजवळ होते आणि ते त्यांनी दिले नाही. बायकांनी हडंब्याजवळ ओढणी घेऊ नये, पदर सोडू नये, डोक्याला घट्ट रुमाल बांधून अंगात सदरा घालावा, हे सांगायला एक मिनिट लागले असते. पण ते सांगितले की पारावर दिलेला शब्द मोडला. शेतातली ओढणी निघाली की व्यंकटराव मैदानावरची पोर काढून नेणार, हे त्यांना पक्के माहीत होते. संघ पुन्हा उभा राहत होता. अपेक्षाचे नाव राज्याच्या शिबिरासाठी गेले होते. तांबूळदऱ्याची पोर राज्याच्या संघात! सरांनी स्वतःची समजूत घातली की झाकण असले म्हणजे पुरे. शाफ्ट झाकला की ओढणी असली काय, नसली काय.

२०२३च्या सुगीत, तांबूळदऱ्यापासून दोन कोसांवरच्या गावात, बायनाबाई नावाची तिशीतली बाई पदर शाफ्टात ओढला जाऊन गेली. हडंब्याला झाकण नव्हते. मालकाने सरांना दोनदा "उद्या बसवतो" म्हणून सांगितले होते. सर तिच्या गावात महिन्यापूर्वीच बोलून आले होते आणि ती समोर बसलेली होती. तेव्हा तिने विचारले होते, "सर, पदराचं काय करावं? भुसकाटात लय आडवा येतोय." सर म्हणाले होते, "ते तुमचं तुमी बगा."

तिच्या मातीला सर गेले. त्यानंतर अपेक्षाची शिबिरातून निवड झाली नाही असे पत्र शाळेत आले, ते त्यांनी वाचून टेबलावर ठेवले. एरवी त्यांना चार दिवस जेवण गेले नसते.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्यांनी स्वतःहून पारावर बैठक बोलावली. बाया आल्याच पाहिजेत असे सांगून ठेवले. बाया आल्या, पण देवळाच्या मंडपाच्या मागच्या बाजूला, भिंतीला टेकून बसल्या. सरांनी झाकणाचे सांगितले, ते सगळ्यांना पाठ होते. मग ते कपड्यावर आले.

व्यंकटरावांनी त्यांना पुरते बोलू दिले नाही. "थांबा सर. हे वेगळं काढलंत तुमी. शेतातबी ओढणी न्हाई म्हणता?"

"हडंब्याजवळ नाही."

"आज हडंबा. उद्या?"

"उद्याचं मला माहीत नाही."

"सर, तुमचा शब्द होता. त्याच्यावर आमी पोरी दिल्या. माझी नात दिली." व्यंकटरावांचा आवाज चढलेला नव्हता. "मी जुना माणूस, मला वाकडं बोलता येत न्हाई. दोन टोकं धरू नका. पोरी खेळवायच्या का बायांच्या ओढण्या काढायच्या, एक काय ते सांगा."

पाच वर्षे सर ह्याच प्रश्नाला चुकवत आले होते. समोर अपेक्षाचे वडील बसले होते. मागे बायांत अर्पिताची आई. कोण कोण कोणाचे, ते सरांना तोंडपाठ होते. कारण ह्या प्रत्येक घरी ते हात जोडून गेले होते.

"रोहिणीनं ओढणी काढून ठेवली होती," सर म्हणाले. "माझं नाव घेतल्यावर परत घेतली. केशरबाईंनी घेतलं, पण नाव माझं होतं. मी पोरींना त्याची दहशत घातली होती. बायनाबाईनं मला पदराचं विचारलं, तेव्हा मी टाळलं. आपली टीम फुटू नये म्हणून. मी दिलेला शब्द परत घेतो. हडंब्याजवळ ओढणी नाही. कोणी टोकलं तर माझं नाव सांगा."

कमलबाई मागे बसली होती. ह्या गोष्टीत केशरबाईचे नाव तिने पहिल्यांदाच ऐकले. ती उठली, केशरबाईकडे पाहिले, आणि पारावरून उतरून घराकडे गेली. केशरबाई तिच्यामागे जायला उठली आणि पुन्हा बसली.

"आन् टीमचं?" कोणीतरी विचारले.

"ते तुमच्या हातात."

व्यंकटराव उठले, टोपी नीट केली. "सर, तुमी माणूस खरा हायत. पण मी आता पोर पाठवू शकत न्हाई. पाठवली तर माझ्या बोलण्याला गावात काय राहिलं?" त्यांच्याबरोबर बरीच माणसे उठली.

बाया शेवटी गेल्या. जाता जाता केशरबाई सरांपाशी थांबली. "हे दोन वर्सं आदी बोलायला पायजे होतं तुमी," म्हणाली. सरांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर चार मुली आल्या. तिसऱ्या दिवशीही चारच. ज्यांच्या घरी पारावर बसणारे कोणी नव्हते, अशा त्या चार. अपेक्षा शाळेत यायची, पण मैदानाच्या बाजूने न जाता मागच्या फाटकातून जायची. एकदा सर समोर आले तर म्हणाली, "सर, बाबा म्हणतेत दहावीवर लक्ष दे." सर म्हणाले, "बरोबर हाय."

जिल्हास्पर्धेची नावे देण्याची मुदत महिनाअखेर होती. संघाला पाच लागतात. सर दोन घरी जाऊन आले. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी तोही नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी रोहिणी मैदानावर आली. बरोबर कोणी नव्हते. रेघेबाहेर उभी राहून ती चार जणींचे खेळणे पाहत राहिली. एक चेंडू तिच्याकडे घरंगळत आला. तिने तो पायाने थांबवला, डाव्या हाताने उचलला आणि आतल्या मुलीकडे फेकला. तो त्या मुलीच्या छातीशी गेला.

"सर, मला धरून पाच होतेत," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिले. नियमात कुठेही दोन हात लिहिलेले नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. पण रोहिणीने दहावीला परीक्षाच दिली नव्हती. तिचे नाव शाळेच्या पटावर नव्हते, आणि पटावर नसलेली मुलगी शाळेच्या संघात खेळू शकत नाही.

"न्हाई होत," सर म्हणाले.

"मला वाटलंच." तिने पायाने रेघेवरची माती सारखी केली. "आईनं केशरमावशीशी बोलणं टाकलंय. टोळीत जात न्हाई. दुसऱ्या गावच्या टोळीत जायलीय." मग ती वळून गेली.

तांबूळदऱ्याच्या संघाचे नाव त्या वर्षी गेले नाही. नंतरच्या वर्षीही नाही. खांब उभे आहेत. एका कड्याची जाळी फाटली, ती बदललेली नाही.

सुगी आली की सर सकाळी शाळेच्या आधी खळ्याखळ्यांवरून फेरी मारतात. झाकण खाली आहे का पाहतात. वर असेल तर खाली करतात. हडंबेवाले त्यांना लांबून पाहून एकमेकांना खुणा करतात, "आले, मास्तर आले, झाका." टोळीतल्या बायांपैकी काहींनी सदरे घातलेले असतात, डोक्याला रुमाल घट्ट. काहींच्या अंगावर ओढणी असतेच. सर त्यांना काढायला सांगतात. काही काढतात, काही सर गेल्यावर पुन्हा घेतात. २०२४च्या सुगीत तांबूळदऱ्यात कोणाला काही झाले नाही. गंगाखेडच्या वाटेवरच्या एका गावात एका मुलाची तीन बोटे गेली. तिथे झाकण बसवायचे राहिले होते.

शेवटचे जे झाकण केले त्याचा हडंबा मालकाने मध्येच विकला आणि झाकण नको म्हणाला. ते पालमच्या दुकानात भिंतीला टेकून पडून आहे. त्याचे साडेसहाशे रुपये गोपाळ सरांनी वेल्डिंगवाल्याला अजून द्यायचे आहेत.